अकरा ओळींचा पडदा

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. पहिले नऊ दिवस मला दूध नव्हतं. तेव्हा ती हॉस्पिटलच्या दूधपेढीतलं, कुणा अनोळखी आयांचं दूध प्यायली. त्याच हॉस्पिटलच्या तळघरात मी नोकरी करते. कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद, हे पडद्यावर बघत बसायचं.

मोठ्या पडद्यावर चारशे यंत्रं. तो प्रत्येकाला नावाने हाक मारतो आणि त्या नावाचा पत्ता एका वेगळ्या सर्व्हरला विचारतो. शेजारी छोटा पडदा, अकराच ओळींचा; एकेक ओळ एकेका जपायच्या यंत्राची. मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी निवृत्त होण्याआधी त्यात नावांऐवजी थेट पत्त्यांचे आकडे घातले, म्हणजे त्या सर्व्हरला विचारायलाच नको, आणि वर एक भोंगा जोडला. "आकडे बदलतात. दर सोमवारी ताळा करायचा," एवढं बजावून गेले.

मी करते. शेजारच्या टेबलावरचा जाड्या हसतो. "ताई, तू झोपलेल्या बाळाच्या नाकाशीही बोट धरून बघत असशील."

"बघते," मी म्हणते. खोटं कशाला बोलू.

गेल्या बुधवारी साडेअकराला मोठा पडदा लालभडक झाला. चारशेच्या चारशे.

जाड्याने चहा खाली ठेवला. "नावांचा सर्व्हर बसला. बाकी सगळं ठणठणीत असणार. इशारे बंद करतो, उगाच डोकं उठवतात."

मीही मान हलवली. तेवढ्यात भोंगा वाजला. छोट्या पडद्यावर दहा ओळी हिरव्या, सातवी लाल. दूधपेढीचा फ्रीझर. उणे वीसवरून उणे अकरा, आणि चढतच होतं.

पेढीचा फोनही त्याच सर्व्हरच्या भरवशावर, तो लागेना. तीन जिने धावत चढले.

"फ्रीझरचा मेसेज मला कसा नाही आला गं?" पेढीच्या सिस्टर म्हणाल्या.

"मेसेजही नावानेच जातो, सिस्टर. तोही अडकला."

फ्रीझरच्या दारात ट्रेचा कोपरा अडकून बोटभर फट राहिली होती. दोघींनी एकेक बाटली चाचपून दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवली. सगळ्या अजून दगडासारख्या घट्ट. बाटल्यांवर आयांची नावं नसतात, नुसता क्रमांक आणि तारीख. माझ्या लेकीला कुणी पाजलं, ते मला कधीच कळणार नाही. त्या दिवशी प्रत्येक बाटली मी जरा जास्तच वेळ हातात धरली.

संध्याकाळी मास्तरांना फोन केला. "तुमच्यामुळे दूध वाचलं."

"फ्रीझर जुनाच ना?"

"नाही, मागच्या महिन्यात नवा आला."

"मग माझा आकडा त्याच्या काय कामाचा? सोमवारी कुणी बदलला?"

"मी."

"हं. आणि उपकार माझे मानतेस." मग त्यांनी विचारलं, "बाळ कसं आहे?"

"झोपलंय. छान आहे," मी म्हटलं. बोट तिच्या नाकाशी होतंच.