कुसाबाईची मूठ

"परत वाच," कुसाबाई म्हणाली. "आन् तोंडात सुपारी धरल्यावानी नको वाचू."

नातीनं, वेदिकानं, इंग्रजीचं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. "विदर. म्हणजे कोमेजणे, सुकणे, वाळणे, क्षीण होणे. आजी, वाक्यात उपयोग करायचाय."

"चौघांना मिळून एकच शब्द? दरिद्रीच म्हनायची ती भाषा!" बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांचे थर एकावर एक चढले होते. त्यांच्या कडेनं चालत कुसाबाई पुढं सरकली. "फूल कोमेजतं. तोंड सुकतं. पापड वाळतो. आन् सासुरवाशीण खंगती. ज्याचं त्याला नाव पायजे."

"आणि बेदाणा?"

"त्यो वाळतो. पन मरत नाय. उलट वाळला का भाव येतो त्याला."

"मग तो विदर नाही. टीचर म्हणाल्या, विदर म्हणजे आतली ताकद जाऊन वाळणं. फुलाचं होतं, हातापायाचं होतं. राजाची सत्तापण विदर होते."

"तुझ्या टीचरची झाली असंल. आमच्याकडं अजून कोनाची छाती नाय."

काड्या निवडणाऱ्या बाया खुदखुदल्या. पेठकडून दर हंगामाला येणारी पुतळाबाई तर तोंडाला पदर लावून हसली.

तेवढ्यात कुसाबाई शेवटच्या थरापाशी पोचली आणि सगळे गप्प झाले. हा रिवाजच होता. सिन्नरकडच्या या शेडमध्ये जाळीवरून माल उतरायचा तो तिच्या शब्दावर. नवरा गेला तेव्हा सोमनाथ पाळण्यात होता; दिरांनी हिस्सा दाखवला तो खडकाळ तुकडा. तिथं दुसरी नापास बाईनं द्राक्ष लावलं, शेड उभं केलं. मूठभर बेदाणे घ्यायचे, कचकन दाबायचे, मूठ उघडायची. दाणा न् दाणा सुटा झाला तर तयार, गोळा झाला तर कच्चा. तिला बघावंसुद्धा लागत नसे. हाताला कळायचं. व्यापारी एकमेकांना सांगत, कुसाबाईची मूठ बसलीय ना, मग पेटी उघडूच नका.

तिनं दाबलं, छपराकडं बघत मूठ सोडली, आणि म्हणाली, "उतरवा."

"हो, मालकीणबाई," बाया एका सुरात म्हणाल्या.

जेवून ती घरात आडवी झाली. एरवी उन्हं कलेपर्यंत उठत नसे. आज वीज गेली, पंखा थांबला, आणि घामानं जीव नकोसा होऊन ती शेडकडं आली.

उतरवलेला माल बाया परत जाळीवर पसरत होत्या. सून तेजस्विनी ओलावा मोजायच्या छोट्या मशिनमध्ये बेदाणे भरून आकडा बघत होती. बाजूला सोमनाथ उभा.

"काय चाललंय?"

तेजस्विनीनं मान वर केली. "ओला आहे, आई."

"माझ्या मुठीत मोकळा झाला व्हता."

"नव्हता झाला. गोळा होऊन तळहाताला चिकटून राहिला होता. तुम्हाला कळलं नाही."

"कधीपास्नं हाय हा तमाशा?"

"होळीपासून. पहिला माल बुरशी लागून परत आला ना, तेव्हापासून."

"ते तर व्यापाऱ्याचं ढोंग व्हतं. भाव पाडायला." तिनं सोमनाथकडं पाहिलं. "तूच म्हनला व्हता."

सोमनाथ पायातली चप्पल पाहू लागला. "तुला वाईट वाटंल म्हून, आई."

"वाईट वाटू नये म्हून बुजगावनं केलं व्हय रं माझं? रोज उभं करायचं, रोज हो म्हनायचं! त्याला तरी पाखरं भितात मेल्या!"

"आई, शुगरनं बोटं बधिर होतात, डॉक्टर सांगत होते," तेजस्विनी हळूच म्हणाली. "मागं तव्यावर हात भाजला, तर तुम्हाला वास आल्यावर कळलं."

कुसाबाईच्या जिभेवर शिवी आली होती. पण तिची नजर बायांवर गेली. एकही वर बघेना. अख्खा हंगाम या बाया तिच्या तोंडावर हो मालकीणबाई म्हणत होत्या, आणि तिचा डोळा लागला की तोच माल परत वाळत घालत होत्या. मुलगा फसवतो, सून फसवते, ते जगाची रीत म्हणून गिळता येतं. यांनी मात्र कीव केली होती. ती माघारी फिरली.

सकाळी दुसरा थर तयार होता. सगळे नेहमीसारखे थांबले. सोमनाथ चाचरत म्हणाला, "आई, बघतेस ना?"

कुसाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मालकिनीला इचार. ती काय तिथं उभी हाय."

तेजस्विनीचा चेहरा उतरला. कुसाबाईनं तो पाहून घेतला आणि बायांच्या रांगेकडं गेली. "सरक गं पुतळे. का जागाबी मशिनला इचारून देशील?"

पुतळाबाई सरकली. आपल्या अंगाखालचं अर्धं गोणपाट तिनं पुढं केलं. कुसाबाई बसली, ढीग ओढून काड्या काढू लागली. तोंड चालूच होतं. एकीची वेणी, दुसरीचा नवरा, कुणालाच सोडलं नाही. बायाही हसत होत्या, जरा जास्तच.

मग तिला दिसलं. पुतळाबाई बोलता बोलता कुसाबाईनं निवडलेल्या ढिगातून ओंजळ उचलत होती, राहिलेल्या काड्या काढत होती. बऱ्याच राहिल्या होत्या.

कुसाबाईनं तोंड वळवलं आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "तुझ्या पोरीचं जमलं का गं कुठं?"

"नाय अजून, मालकीणबाई," पुतळाबाई म्हणाली, आणि निवडलेली ओंजळ तिनं परत कुसाबाईच्याच ढिगात सोडली.