ठकुबाईचा पोटगीचा अर्ज

माझ्या अर्जानं दगडालाही पाझर फुटतो, असं भोरच्या बाजारात लोक म्हणत आणि मी ते मोठ्या खुशीत ऐकून घेत असे. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून मी अठरा वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होतो. त्या अठरा वर्षांची घमेंड ठकुबाईनं एका दिवसात उतरवली, आणि तीही एक वाकडा शब्द न बोलता.

ती पासलीहून दोन दिवस चालत आली होती. सोबत सहा वर्षांची फुली. फुली तान्ही असतानाच तिच्या बापानं, भाटघरकडच्या रायबानं, पंचांपुढं काडीमोड करून ठकुबाईला माहेरी धाडलं आणि दुसरीशी पाट लावला. त्यानंतर पोरीसाठी त्यानं साधं चिरगूट पाठवलं नाही. ठकुबाई दुसऱ्यांच्या भातखाचरांत राबून दोघींचं भागवत होती. बापाकडून पोरीसाठी पोटगी मागता येते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी लिहिलं आणि झोकात वाचून दाखवलं, "मी अबला सर्वस्वी निराधार असून, मुलीस एक वेळचे अन्न घालण्यासही असमर्थ आहे."

ठकुबाई मधेच म्हणाली, "तात्या, येवढं नका लिवू. घालती की म्या तिला. कदी माझं खायाचं ऱ्हातं, तिचं न्हाई ऱ्हात."

"अगं, तू पोसतेस म्हटल्यावर साहेब पोटगी कशाला देववतील? सरकारदरबारी रडावंच लागतं. आणि आत विचारलं, तर अर्जातलं सगळं खरं म्हणायचं. खोटं म्हणालीस, तर खटला तुझ्यावरच उलटेल."

तिनं अंगठा उठवला. मी शहाणा ना!

तारखेला रायबा आला, पांढरंशुभ्र मुंडासं बांधून. दुसरीला पाठोपाठ तीन पोरं झाली होती, घरात शेरडं होती. पोरं सांभाळायला आणि शेरडांमागं जायला कुणीतरी हवंच होतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं हात जोडून तो म्हणाला, "पोटगी कशापायी, सायेब? पोरगी माजी हाय. मला द्या, म्या पोसतो."

मी दारात उभा होतो. रायबाचा डाव माझ्या ध्यानात आला, पण मी पडलो अर्ज लिहिणारा. अर्जनविसाला आत तोंड उघडता येत नाही, त्याला वकिलाची सनद लागते.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, हा अंगठा तुझाच ना?"

"व्हय जी."

"मुलीला एक वेळचं अन्नही घालता येत नाही, असं यात आहे. खरं का?"

ठकुबाईनं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. तिला वाटलं, घाबरू नको म्हणतोय. मी शिकवलं होतं तेच ती स्पष्ट आवाजात बोलली, "समदं खरं हाय, सायेब."

साहेबांना बिचाऱ्यांना पोरीची दया आली. माझ्याच शब्दांनी आली. उपाशी राहण्यापेक्षा पोर बापाघरी दोन घास खाईल, असं म्हणून त्यांनी फुलीला रायबाच्या हवाली करण्याचा हुकूम दिला. ठकुबाई हात जोडून नुसती उभी राहिली. हुकुमाची कचेरी भाषा तिला कळली नव्हती, पोटगी मिळाली असंच तिला वाटत होतं. शिपायानं पोरीचा हात धरून रायबाकडं दिला, तेव्हा कुठं तिला उमगलं.

बाहेर फुलीनं आईचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं होतं. बापाला ती ओळखत नव्हती. रायबा ओढायला लागला, पोर किंचाळायला लागली, तेव्हा ठकुबाईनंच खाली बसून तिचं एक एक बोट सोडवलं. पोरीचा हात दुखू नये म्हणून.

ते दिसेनासे झाल्यावर ती लिंबाखाली येऊन बसली. ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अपिलाचं काहीतरी मी पुटपुटलो, पण त्यात दम नाही हे मलाच ठाऊक होतं.

ती म्हणाली, "तात्या, सा वरसं म्या तिला जगिवली. त्ये लिवलं व्हतं का वो, अर्जात?"

नव्हतं लिहिलं. तसं मी तिला सांगितलं.