उंचीप्रमाणे रांग

जुन्या दफनभूमीच्या जतन समितीचे अध्यक्ष निवृत्त कवायत मास्तर होते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

लोकांना इतिहास कळावा म्हणून समितीने कार्यशाळा भरवली. विद्यापीठातून उत्खननाच्या बाई आल्या. सत्कार, आभार आणि आभार मानणाऱ्यांचे आभार आटोपल्यावर बाईंच्या वाट्याला पाच मिनिटं उरली. तेवढ्यात त्यांनी घसा फोडून सांगितलं, "आधी नकाशा काढा, प्रत्येक दगडाला क्रमांक द्या आणि तो जागचा मुळीच हलवू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंची गाडी वळणाआड गेली आणि मास्तरांनी शिट्टी फुंकली. संध्याकाळपर्यंत थडग्यांवरचे चौऱ्याहत्तर दगड उंचीप्रमाणे उभे होते. ठेंगणे पुढे, उंच मागे, मधे हातभर अंतर. फोटो मात्र झकास आला.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईला सगळी गल्ली आत्या म्हणायची. तिची मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. मागच्या भिंतीशी, नळाजवळ, वीतभर दगड. दर रविवारी आत्या तिथे बसून आठवडाभराचं सगळं तिला सांगायची. या रविवारी पाहते तर त्या जागी कुण्या न्यायाधीशाचा पुरुषभर दगड! आपलं झोपलेलं लेकरू कुणी उचलून नेल्यासारखं तिला झालं. ती भर दुपारी हुंदके देऊन रडली.

मग डोळे पुसून तिने मास्तरांचं कार्यालय गाठलं.

"मास्तर, माझ्या पोरीचा दगड जागेवर ठेवा."

"अहो आत्या, ती पहिल्या रांगेत आहे! पहिल्या रांगेसाठी लोक भांडतात."

"दगड रांगेत आहे हो. पोर तिथे मागे आहे!"

"एक हलवला की सगळी रांग बिघडते. शिवाय अहवाल छापून झालाय." मास्तरांनी अर्जाचा कागद पुढे सरकवला. त्यात पहिलाच रकाना दगडाच्या क्रमांकाचा होता. क्रमांक अर्थातच कुणी दिले नव्हते.

आत्याने कागद तिथेच ठेवला आणि थेट दफनभूमीत परत आली. दुसऱ्या दिवशीही आली, तेव्हा शाळेची सहल आली होती. मास्तर रंगात होते.

"बघा मुलांनो, आपले पूर्वज किती शिस्तीचे! लहानांना ते पुढे पुरत, म्हणजे त्यांना नीट दिसावं."

"काय दिसावं, सर?" एका मुलीने विचारलं.

मास्तरांनी शिट्टी चाचपली. तेवढ्यात आत्या पहिल्या रांगेत शिरली. दगड नुकताच रोवलेला होता, दोन हिसक्यांत निघाला. तिने तो पदराने पुसला आणि कडेवर घेतला. मास्तरांच्या जिवात जीव आला.

"हेही लिहून घ्या! इथल्या बायका दगड कडेवर घेऊन फेरी मारतात. फार प्राचीन प्रथा आहे."

"प्रथा कसली डोंबलाची?" आत्या थांबली. "मुलगी आहे माझी. तिला तिच्या जागेवर नेतेय. वाट द्या जरा."

मुलांनी वाट दिली. मास्तरांनी शिट्टी फुंकली, पण कुणी वळून पाहिलं नाही. भिंतीशी जाऊन आत्याने छोटा दगड मोठ्या दगडाला टेकवला आणि न्यायाधीशाला म्हणाली, "जरा सरका, साहेब."