मनगटाखालची फळी

कस्तुराबाईनं हिरवी बांगडी वीतभर उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडली. तिचे तीन तुकडे झाले. दुसरी सोडली, तिचंही तेच. तिसरी उचलली तेव्हा बन्सीधरनं, तिच्या धाकट्या दिरानं, मध्येच हात घातला.

"वहिनी, माल हाय तो. लढाईपायी आधीच येईना झालाय."

"माल हाय म्हणूनच बघायले," ती म्हणाली आणि तिसरीही सोडली.

परभणी स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल गंमत बघत थांबले होते. फरशी त्याच सकाळी निजामाच्या रेल्वेनं आली होती, काळसर, गुळगुळीत, सहा फूट लांब. बन्सीधरनं ती कोणाला न विचारता मागवली होती. पेठेतल्या कापडवाल्यानं दुकानाच्या दर्शनी भागाला तसलीच फरशी बसवली होती आणि येणारा-जाणारा तिच्यावरून हात फिरवून जायचा. आपल्या बांगड्यांच्या दुकानातही गिऱ्हाइकाच्या हाताखाली तसलीच फरशी हवी, असं बन्सीधरच्या मनानं घेतलं.

"ही दुकानाला न्हाई चालायची, भावजी," कस्तुराबाई म्हणाली.

"मग आता काय परत पाठवू?"

"ते तुमचं तुमी बघा."

तिचा नवरा दिनकर कासार वर्षापूर्वी तापानं गेला, तेव्हापासून दुकान बंद होतं. बांगड्या भरताना बायका जिच्यावर हात ठेवायच्या, ती गादीपुढची जुनी फळी वाळवीनं पोखरली होती. आता लग्नसराईच्या तोंडावर दुकान उघडायचं घरानं ठरवलं, आणि ठरवताना कस्तुराबाईला कोणी विचारलं नाही. गादीवर बन्सीधर बसणार. कस्तुराबाई आतल्या खोलीत मापांप्रमाणे बांगड्या निवडून सुतळीत ओवणार. कारण उघड होतं. विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार?

बांगड्या भरायचा सफाईचा हात मात्र तिचा होता, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. जहागीरदारांच्या जनानखान्यात पुरुष कासाराला मज्जाव, म्हणून तिथं दिनकरऐवजी तीच जायची. दहा वर्षांत तिच्याकडून कोणाच्या हातात बांगडी फुटली नव्हती. बन्सीधर आजवर जिनिंगवर कापसाच्या गाठी मोजायचा. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि गादी त्याला मिळाली होती. कस्तुराबाई त्यावर भांडली नाही. फक्त म्हणाली, "बायांच्या मनगटाखालची फळी मी निवडीन." सासरच्यांना वाटलं, एवढ्यावर भागतंय तर भागू द्या.

मालधक्क्यावरून ती थेट मुंजाजी सुताराकडे गेली. पदरात बांगड्या होत्याच. सागवानावर पाच टाकल्या, दोन फुटल्या. आंब्याच्या फळीवर पाचांतली एक तडकली. मग तिनं त्याच फळीवर घोंगडीचा तुकडा दुहेरी अंथरला आणि पाच बांगड्या सोडल्या. एकीलाही काही झालं नाही.

"हीच द्या," ती म्हणाली.

मुंजाजीनं कानामागची पेन्सिल काढली. "दर्शनी दुकानाला आंबा? लोक हसतील. अन् आंब्याला कीड लागती, बाई."

"लागली की फळी बदलू. मनगट कुठं बदलता येतंय?"

मुंजाजी म्हातारा होता आणि त्याला गोष्ट अर्धवट सोडायची सवय नव्हती. फळीला रंधा मारता मारता त्यानं विचारलंच, "एक सांगा. घोंगडीच टाकायची तर ती फरशीवर बी टाकता आली असती. दगड जन्मभर टिकला असता. मग दगड का नको?"

कस्तुराबाई घोंगडीची घडी घालत होती. ती थांबली.

"मालक गेले त्या दिवशी मला दाराच्या पायरीवर बसवलं," ती म्हणाली. "पायरीवर माजा हात ठिवला अन् वरून दगडानं बांगड्या वाढवल्या. खालचा दगड लय गार होता. मालकांचं तोंड कधी कधी आठवत न्हाई, पर तो गारवा रोज आठवतो." तिनं घडी पुन्हा उलगडली. "माज्या दुकानात कोण्या बाईचा हात मी दगडावर ठिवू देणार न्हाई. घोंगडी टाकली तरी खाली दगड हाय हे मला ठाऊक असंल ना."

मुंजाजीनं रंधा पुन्हा उचलला. फळीची कड त्यानं कोणी न सांगता गोल करून दिली, मनगटाला रुतू नये अशी.

फरशी परत जाणार नव्हतीच. बन्सीधरनं ती रागारागानं दुकानाबाहेर पायरी म्हणून टाकून घेतली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिचं मोल सांगू लागला.

दुकान उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पेडगावच्या पाटलीणबाई, धुरपताबाई, लेकीला घेऊन आल्या. तानूचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. तिला चुडा भरायचा होता, दोन्ही हातांत हिरवागार.

तानूनं हात घोंगडीवर ठेवला. बन्सीधरनं तेल लावलं, तिची बोटं आवळली आणि बांगडी चढवायला घेतली. पहिली गेली. दुसरी कशीबशी गेली. तिसऱ्या वेळी त्यानं अंगठ्याच्या हाडावर जोर दिला आणि आतल्या खोलीत कस्तुराबाईला काच फुटल्याचा आवाज ऐकू आला. तिच्या हातातली सुतळी तिथंच राहिली.

"वाढली," बन्सीधर घाईघाईनं म्हणाला.

तानूच्या हातावर रक्ताचा ठिपका आला होता. चुडा भरताना नवरीच्या हातात बांगडी फुटावी, याहून वाईट काय असतं? धुरपताबाईंचा चेहरा उतरला.

"फळीच मऊ हाय," बन्सीधर म्हणाला. "हात दबतो. मी दगडाची म्हणत होतो—"

"नाचता येईना अंगण वाकडं," धुरपताबाई म्हणाल्या. "ऊठ, तानू."

कस्तुराबाई दारात आली. ती अशी पुढं येईल हे तिला स्वतःलाही क्षणापूर्वी ठाऊक नव्हतं.

"पाटलीणबाई, पोरीच्या अंगठ्याचं हाड वर हाय. तिचा हात आडवा धरून भरावा लागंल. मी भरते. तुमी नको म्हणालात तर आत जाते, राग धरणार न्हाई."

"वहिनी, आत जा," बन्सीधर खालच्या आवाजात म्हणाला.

ती हलली नाही. धुरपताबाईंनी तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघितलं, मग लेकीच्या हातावरच्या रक्ताकडे. पायरीवर दोन बाया येऊन थांबल्या होत्या.

धुरपताबाई खाली बसल्या. स्वतःचा उजवा हात त्यांनी घोंगडीवर ठेवला.

"आधी माज्या हाताला भर," त्या म्हणाल्या. "काय व्हायचं ते माज्या कुंकवाचं होऊ दे. मग पोरीचं बघू."

कस्तुराबाई फळीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसली. तिनं तो जाड, कामानं घट्ट झालेला हात हातात घेतला. "मूठ सैल सोडा," ती म्हणाली, "झोपेत असल्यावानी." सहा बांगड्या गेल्या, एकही अडली नाही. मग तिनं तानूचा हात घेतला. पोर डोळे मिटून बसली होती. तिनं डोळे उघडले तेव्हा दोन्ही हात भरले होते.

चुडा भरून झाला की कासाराला नमस्कार करायचा असतो. तानूला तो लहानपणापासूनचा सराव. ती सहज वाकली आणि तिनं कपाळ कस्तुराबाईच्या पायांना लावलं. कस्तुराबाईनं रिवाजाप्रमाणे एक बांगडी वर दिली, आशीर्वादाची.

"सुखी ऱ्हा, बाई."

"असं नगं," धुरपताबाई म्हणाल्या. "कासार म्हणतो तसं म्हण."

तो शब्द उच्चारायला कोणी सांगेल असं कस्तुराबाईला या जन्मी वाटलं नव्हतं.

"अखंड सौभाग्यवती हो," ती म्हणाली.

"उद्या माज्या चार जावा येतेत," धुरपताबाई पदर सावरत म्हणाल्या. "तवा गादीवर तूच बस."

बन्सीधर उठला. चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली बघत तो दुकानाबाहेर गेला आणि त्या फरशीवर बसला. ती उन्हानं तापली होती. तो चटकन उठला आणि सावलीला जाऊन उभा राहिला.

कस्तुराबाईनं फळीखाली सांडलेले काचेचे तुकडे एक एक करून वेचले आणि गादी फळीजवळ ओढून घेतली.

"या, बाई," पायरीवर थांबलेल्या बायांना ती म्हणाली, "हात दाखवा."