मुंग्यांनी पाला चावला नव्हता

बोईसरजवळच्या सालवडमधल्या प्रदीप भामरेंच्या घरात महिनाभर कोणाचा पाय ठरत नव्हता. प्रदीपभाऊ उठत, माठाशी जात, तांब्या घशात रिकामा करत, मोरीत जाऊन येत आणि पुन्हा माठाशी उभे. त्या दिवसांत बोईसरच्या नळांचा दाब कमी झाला होता तो त्यांच्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. मागे मागे त्यांची बायको दीपा. "अहो, गोळी घेतलीत का?" या एका प्रश्नावर घर धुमसत होतं. मंडळी, आपल्याही घरात हा प्रश्न रोज विचारला जातोच ना?

प्रदीपभाऊंनी मधुमेहाची गोळी बंद केली होती. त्यालाही कारण होतं. तारापूरच्या कारखान्यात त्यांच्याच पाळीला असलेल्या कैलासने जव्हारकडून गुडमारचा पाला आणून दिला होता. हा पाला चघळला की काही वेळ जिभेवरची गोडी मरते, साखर खाल्ली तर वाळू चावल्यासारखी लागते. माझ्या बाकीच्या गोष्टींना खुशाल हसा, ही मात्र खरी आहे.

कॅन्टीनमध्ये पाला चघळून प्रदीपभाऊंनी जिलबी तोंडात टाकली. माती! दुसरी टाकली, तीही माती. तिथेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जिभेवरची साखर मेली, मग रक्तातली कुठे वाचते? त्या दिवसापासून गोळ्या फडताळात गेल्या आणि शिरा, लाडू, बासुंदी ताटात आली. दीपा ओरडली की ते शांतपणे म्हणत, "गोड लागतच नाही, मग ते गोड कसलं?"

त्यातच कारखान्यातल्या जाड बुटाने त्यांचा अंगठा सोलला. जखम काही भरेना. पण दुखत नव्हती, म्हणून त्यांनी त्यावर मोजा चढवला आणि विषय मिटवला.

मग आल्या मुंग्या. उंबऱ्यापासून थेट मोरीपर्यंत ओळ लागली. दीपाने हळद टाकली, खडूची रेघ मारली, फिनेल ओतलं. मुंग्या रेघेला वळसा घालून पुन्हा मोरीत. ती ओळ बेटेगावाहून निघाली होती असं मी शपथेवर सांगणार नाही, पण शेवटची मुंगी मला तरी कधी दिसली नाही.

दांडी गावच्या साखरबाई दर आठवड्याला सुकी मासळी घेऊन दाराशी यायच्या. दीपाने त्यांच्यापाशी मुंग्यांचं गाऱ्हाणं मांडलं. साखरबाईंनी टोपली उतरवली, ओळीच्या कडेकडेने मोरीपर्यंत गेल्या आणि परत येऊन प्रदीपभाऊंसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमाला साखर हाय?"

"होती. पाल्याने गेली," प्रदीपभाऊ म्हणाले. "जिलबी खाऊन बघितली ना. नावालाही गोड लागत नाही."

"अवो, पाला तुमी चावलाव. मुंग्यांनी नाय चावला!"

दीपाच्या हातातला झाडू तसाच राहिला. प्रदीपभाऊ मोरीकडे बघत बसले. लघवीतून साखर वाहत होती, तिलाच मुंग्या लागल्या होत्या. जीभ फसली होती, मुंग्या फसल्या नव्हत्या.

"ओहोटीला पानी दिसत नाय," साखरबाई खाली बसत म्हणाल्या, "म्हून काय कोन खडकावर जाऊन झोपतो? ते मागनं येतंच." मग त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. "मी कारल्याचा रस पीत हुते. रस वाईट नाय, भाऊ. पन त्याच्या जिवावर गोळी चुलीत टाकली न् डॉक्टरला बोलले नाय. मला बी दुखत नवतं. आता मोजा काढा बघू."

मोजा निघाला. अंगठा काळानिळा पडला होता. दीपाने लगेच रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या मशीनवर जो आकडा उमटला, तो मी सांगत नाही. सांगितला तर म्हणाल, म्हातारा फुगवतो. डॉक्टरांनी विचारल्यावर प्रदीपभाऊंनी खिशातली पाल्याची पिशवी भीतभीत टेबलावर ठेवली. डॉक्टर चिडले नाहीत. ते म्हणाले की गुडमार, कारलं, मेथी यांत साखर उतरवणारं काही असू शकतं, त्यावर संशोधनही चालू आहे. पण ते किती घ्यायचं, कोणाला चालेल, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. गोळीबरोबर गुपचूप घेतलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळूही शकतो. मग शेवटी त्यांनी एक गंमत सांगितली. ही गोळी टाकून तुम्ही पाल्याकडे वळलात, पण हिच्या जन्माची कथाही परदेशातल्या एका झुडपापाशीच जाते. फरक एवढाच, की त्या झुडपापासून या गोळीपर्यंत यायला कितीतरी माणसांनी वर्षानुवर्षं तपासणी केली.

अंगठा वाचला. भरायला वेळ लागला, पण भरला. पुन्हा पाळीवर गेल्यावर कैलासने हौसेने विचारलं, पाला संपला का, आणखी आणू का? प्रदीपभाऊ म्हणाले, "आधी माझ्याबरोबर चल. तुझीही साखर तपासू, आणि पाला डॉक्टरांना दाखवू."

नागरिकहो, झाडपाल्याला हसू नका, आणि त्याला डोक्यावरही घेऊ नका. जे काही चघळता, पिता, उकळता, ते डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. आणि रक्तातल्या साखरेचा निकाल जिभेवर सोपवू नका, तो तपासणीतच लागतो.

सालवडच्या त्या मोरीत आता एकही मुंगी नाही. दीपा मात्र रोज सकाळी वाकून बघते.