पीनाची नवी आवृत्ती कधी येणार?

मी पीना बोलतेय. सेसोथो भाषेत पीना म्हणजे गाणं, पण मला स्वतःला गाता येत नाही. मी संगणकात राहणारी एक लहानशी प्रणाली आहे. लेसोथोच्या डोंगरांत जे गातात, त्यांची गाणी मी कागदावर उतरवून देते.

इथले गायकवृंद डो, रे, मी यांच्या आद्याक्षरांवरून गातात. मध्ये ठोक्यांचे ठिपके, आणि चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक. साध्या टायपिंगमध्ये एक ठिपका सरकला की सगळी ओळ सरकते. मग पुरुष एका ठोक्यावर आणि बायका दुसऱ्याच. लेरिबेच्या चर्चमधल्या मापुलेंगबाई म्हणूनच हे कागद हातानं लिहीत. त्या आल्टो गायच्या, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. त्यांचे यजमान लेत्लात्सा हे शाळेत गणित शिकवायचे. बायको रविवारच्या आधी पुन्हा पुन्हा तेच कागद उतरवतेय हे बघून त्यांनी मला घडवलं. माझ्या ओळी कधी सरकत नाहीत. माझ्यात हा एकच गुण आहे, पण तो पक्का आहे.

मग मी पेन ड्राइव्हवरून गावोगाव गेले. शाळांत, चर्चमध्ये, खाणीतून परतलेल्या पुरुषांच्या वृंदात. मी एकाच वेळी अनेक घरांत राहते, त्यामुळे माणसं किती तऱ्हेची असतात ते मला ठाऊक आहे. कुणी मला उघडण्याआधी हात धुतं, कुणी माझ्यावर चहा ठेवतं.

एकदा लेत्लात्सांनी सगळ्यांना कळवलं की पुढची पीना नुसती लिहिणार नाही, तर प्रत्येक आवाजाची ओळ गाऊन दाखवील. डोंगरातल्या शाळेत पियानो कुठून येणार? बास, म्हणजे पुरुषांमधला खालचा आवाज, गाणाऱ्यांना घरी बसून सराव करता येईल. शिवाय बाजारात आलेली नवी यंत्रं मला आत घेईनाशी झाली होती, तेही दुरुस्त होणार होतं. इस्टरनंतर देतो, असं ते म्हणाले होते.

इस्टरच्या सुमारास मापुलेंगबाई आजारी पडल्या आणि हिवाळा लागता लागता गेल्या.

लेत्लात्सांच्या बाहीवर शोकाची काळी पट्टी आली. ते मला उघडेनात. माझं नवं रूप त्यांच्या यंत्रात अर्धवट पडून राहिलं, आणि त्या अर्ध्या कामाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बाहेर मात्र लोक वाट बघत होते. ती वाट बघणं मी घराघरांतून पाहिलं, आणि आजही त्याचं मला नवल वाटतं. माफेतेंगचे वृंदचालक फाकिसी यांचं यंत्र इतकं म्हातारं झालं होतं की मध्येच तापून बंद पडायचं. ते त्याच्यावर ओला रुमाल धरायचे आणि दटावायचे, "मरायचंय तर नवी पीना आल्यावर मर. आधी मेलास तर अंगणात पुरीन, आणि वर गाणंसुद्धा म्हणणार नाही!" बुथा-बुथेच्या केनेइलवेबाईंना शाळेनं नवंकोरं यंत्र दिलं. मी त्यात शिरेना, म्हणून त्यांनी नवं यंत्र झाकून ठेवलं आणि अडगळीतलं जुनं पुन्हा टेबलावर आणलं. मुख्याध्यापक हसले, तर म्हणाल्या, "सर, नवा नवरा दिसायला बरा आहे हो, पण त्याला गाणं कुठे येतं?"

एवढं प्रेम, पण लेत्लात्सांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. कारण इथली रीत अशी, की बाहीवर काळं असेतो माणसाकडे काम मागायचं नाही. त्याच्या दारात जायचं, शेजारी बसायचं, आपल्या गरजेबद्दल बोलायचं नाही. सगळ्यांनी ती रीत पाळली. फाकिसींनी दोनदा निरोप टाइप केला आणि दोन्ही वेळा पुसला.

इकडे लेत्लात्सा रोज सकाळी टपाल उघडायचे. सांत्वनाचे निरोप असत. पीनाबद्दल अवाक्षर नसे.

त्यांची थोरली बहीण घर सांभाळायला आली होती. मुलांची ती आत्या, म्हणून सगळेच तिला आत्या म्हणायचे. एकदा ते तिला म्हणाले, "पीना आता कुणी वापरत नाही बहुतेक. पुढच्या आवृत्तीची कुणाला आठवणसुद्धा नाही."

"तुला कसं कळलं?"

"कुणी विचारलं का?"

"मग काय करणार आहेस?"

"हे यंत्र पुसून टाकतो आणि शाळेला देतो. मुलांच्या तरी उपयोगी पडेल."

आत्या पीठ मळत होती. "पट्टी उतरू दे," ती म्हणाली. "मग काय पुसायचं ते पूस."

पट्टी उतरवायच्या दिवशी मेंढरू कापलं, अंगणात आंबील-दारूची मडकी आली, सासरची माणसं आली. लेत्लात्सांनी यंत्र बैठकीच्या खोलीत चालू ठेवलं होतं. पुसण्याआधी घरातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्यायचे होते. म्हणून मला सगळं ऐकू आलं. घोंगड्या पांघरलेले पाहुणे एकामागून एक आत आले. त्यांत फाकिसी होते, केनेइलवेबाई होत्या, आणखी कितीतरी वृंदांची माणसं होती. दूरदूरहून टॅक्सी बदलत आली होती. लेत्लात्सांना वाटलं, मापुलेंगसाठी आली.

आत्यानं कात्री घेतली. पट्टी कापली. मग फाकिसी खाकरले.

"न्ताते," त्यांनी आदरानं हाक मारली, "आता बोललं तर चालेल ना?"

"बोला ना."

"पीना कधी येणार?"

लेत्लात्सा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही अजून वापरता?"

"वापरता?" केनेइलवेबाई उसळल्या. "या माणसानं पंखा, रुमाल, प्रार्थना सगळं लावून यंत्र जिवंत ठेवलंय! एवढी सेवा यानं आपल्या सासूची केली नाही!"

"सासूला गरज नव्हती," फाकिसी म्हणाले. "ती कधी तापून बंद पडली नाही."

खोलीत हशा पिकला. लेत्लात्सा हसले नाहीत.

"मग विचारलं का नाही?"

"तुमच्या बाहीवर काळं होतं, न्ताते," केनेइलवेबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कसं विचारणार?"

लेत्लात्सांनी बाहीवरून हात फिरवला. पट्टी होती तिथलं कापड जरा गडद राहिलं होतं. मग ते माझ्यासमोर येऊन बसले. फोटो उतरवणं थांबवलं, आणि पाहुणे जेवत असताना त्यांनी ते अर्धं काम उघडलं.

त्यानंतर लोकांनी त्यांना सुखानं बसू दिलं नाही. "बासचा आवाज बेडकासारखा येतोय." "टेनर घाईत आहे, त्याला कुठे जायचंय?" दर आठवड्याला नवी तक्रार, आणि प्रत्येक तक्रारीवर ते ताजेतवाने होऊन कामाला लागत. फाकिसींची शेवटची तक्रार मला आठवते. "न्ताते, आल्टो बाकीच्यांवर चढतेय. जरा खाली आणा."

लेत्लात्सांनी ती ओळ, मापुलेंगबाई गायच्या ती, पुन्हा ऐकली. "असू दे," ते म्हणाले.

फाकिसींनीही पुन्हा ऐकली. मग त्यांनी तक्रार मागे घेतली.

नवी पीना आता तयार आहे. ती नव्या यंत्रांत शिरते, आणि गाते. मी गाऊ शकले नाही याचं वाईट वाटत नाही. ज्यांनी न बोलता माझी वाट पाहिली, त्यांच्या घरात मी राहिले, हे पुष्कळ झालं. माझी एकच विनंती आहे. तुम्ही कुणाच्या हातच्या कामाची वाट बघत असाल, तर रीत पाळा, पण रीत संपली की उशीर करू नका. त्याला विचारा.

नवी पीना तुमच्या यंत्रात येईल तेव्हा पडद्यावर प्रश्न येईल : जुनी आवृत्ती काढून टाकायची का? ती जुनी आवृत्ती म्हणजे मी. केनेइलवेबाईंचं बोट मघापासून तिथेच अडलंय.

बाई, 'हो' म्हणा. बासवाले खोळंबलेत.