मोठ्याने वाचायचा कोर्स

लेखनाचे तीन ऑनलाइन कोर्स मी निवडून ठेवले होते आणि तिन्हींनी मिळून माझी झोप उडवली होती. नवऱ्याला वाटे, सवयीप्रमाणे मला काहीच पसंत पडत नाहीये. "साधी चप्पल घ्यायला तू अख्खा बाजार पालथा घालतेस," तो म्हणाला, "हा तर कोर्स." मी त्याला हसू दिलं. खरी गोष्ट त्यालाही सांगितली नव्हती. काय लिहायचंय ते माझं पक्कं होतं. बाबांना कळू न देता ते कुठे लिहिता येईल, एवढंच ठरत नव्हतं.

मला आईचं लिहायचं होतं. ती गेली त्या सकाळी स्वयंपाकघरात पडली आणि पडल्या जागेवरून बाबांना हाका मारत राहिली. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. कानाचं मशीन कपाटात, डबीसकट नवंकोरं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून हाका ऐकल्या, पण रोजचंच बोलावणं असेल म्हणून त्याही उठल्या नाहीत. हे सगळं, अगदी शब्द न् शब्द, त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं आणि वर हात धरून म्हणाल्या, "बाबांना यातलं काही बोलू नकोस हं. खचतील." काकूंच्या पोटात काही राहत नाही. "निदान एवढं तरी ठेवा," असं मीच त्यांना विनवलं. बाबांना आम्ही सांगितलं, आई एका क्षणात गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून बाबा आमच्या घरात राहतात आणि त्या हाका माझ्या डोक्यात. मी कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करते. अनोळखी म्हातारी माणसं माझं ऐकून मशीन घालतात, आणि माझ्या सख्ख्या बापाने ते डबीत ठेवलं होतं. इतका संताप यायचा मला! आणि ज्याच्यावर यायचा तो समोर बसून निमूट जेवत असायचा. हे कुठेतरी उतरवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पहिला कोर्स नुसत्या व्हिडिओंचा. आपणच लिहायचं, आपणच वाचायचं. तसलं तर मी मनातल्या मनात रोज करतच होते. दुसऱ्यात लिहून पाठवायचं, शिक्षक शेरे मारून परत धाडणार. इथेच मी अडले. जे ऐकू येत नाही ते सगळं बाबा वाचून काढतात. औषधाच्या खोक्यातला कागद, नवऱ्याच्या ऑफिसची पत्रं, लॅपटॉपवर उघडं राहिलेलं काहीही. दर आठवड्याला त्याच लॅपटॉपवर ते आत्याशी बोलत बसतात. आमच्या घरात लिहिलेलं लपत नाही. तिसऱ्या कोर्समध्ये आठवड्यातून एकदा पडद्यावर जमायचं आणि आपलं लिखाण मोठ्याने वाचून दाखवायचं. दुसऱ्या कुठल्याही घरात याचीच धास्ती वाटली असती. आमच्या घरात मात्र सगळ्यात सुरक्षित हाच.

तरी भीती जाईना. कारण आई गेल्यापासून बाबांनी उलटाच हट्ट धरला होता. मशीन कानातून काढायचंच नाही, झोपतानासुद्धा नाही. आधी घालायला नको, आता काढायला नको. "कानाला जरा हवा लागू द्या," म्हणून मी रोज कटकट करायचे आणि ते ऐकू न आल्याचं सोंग घ्यायचे. म्हणून तिसऱ्या कोर्सच्या डेमोच्या आदल्या दिवशी मी चाचणी घेतली. बाबा दुपारी दार लावून पडले होते. मी जेवणाच्या टेबलाशी बसून, वाचताना लागेल तेवढ्याच आवाजात म्हटलं, "बाबा, चहा." आतून हूं नाही की चूं नाही. चहासाठी बाबा गाढ झोपेतूनही उठतात. तोच ऐकू गेला नाही म्हणजे बाकीचं जाणं शक्यच नव्हतं.

रविवारी दुपारी तो डेमो होता. जागा हवी की नको ते संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. नवऱ्याला बाहेर पिटाळलं, बाबांचं दार लागल्याची खात्री केली आणि बसले. पडद्यावर शिकवणाऱ्या बाई दिसल्या, आणखी काही चेहरे दिसले, सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज शून्य. मी आवाज वाढवला, दिसेल ते बटण दाबलं, शेवटी "ऐकू येत नाही" असं लिहून पाठवलं. बाईंनी उलट लिहिलं, "तुमचा आवाज छान येतोय. वाचा तुम्ही."

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. बाई पुढे झुकून काहीतरी विचारायला लागल्या. त्यांच्या ओठांवरून काही कळतंय का बघत होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं.

बाबा उभे होते, एक हात कानावर.

"अगं, ही कोण बाई?" ते म्हणाले. "मघापासून माझ्या कानात बोलतेय. विचारतेय, आईने हाका मारल्या हे तुमच्या वडिलांना माहीत आहे का?"

आणि मला आठवलं. आत्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मीच त्यांचं मशीन ब्लूटूथने लॅपटॉपला जोडून दिलं होतं. ते तोडायचं राहिलं. माझा आवाज दारापलीकडे जातो का ते मी तपासलं आणि इथे अख्खा वर्ग थेट त्यांच्या कानात बोलत होता.

"बाबा, ती नुसती गोष्ट आहे," मी म्हणाले. "कोर्ससाठी लिहिलेली."

"सांग तिला, माहीत आहे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काकूंनी. तुझ्या कानावर घालू नका म्हणाल्या." ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "झोपताना मशीन का काढत नाही, म्हणून भांडत होतीस ना?"

मला रडू फुटलं. लॅपटॉप बंद करायला हात नेला, तो त्यांनी धरला.

"हाका मारत होती एवढंच काकू म्हणाल्या. काय म्हणत होती ते नाही सांगितलं. तू लिहिलंयस?"

मी मान डोलावली.

"मग तेवढं वाच. मोठ्याने वाच."

बाबांनी मान तिरकी करून कान माझ्याकडे केला. मी वाचलं, "अहो, ऐकलंत का? जरा इकडे येता का?"

"आलो," बाबा म्हणाले.